उलटलेले दुखणे : घशाच्या कर्करोगाची दीडशे वर्षे

आपल्या मराठीत एक मोठा बोलका शब्दप्रयोग आहे : दुखणे उलटले. पहिल्यांदा माणूस आजारी पडले म्हणजे घर धीर धरते, धावपळ करते. पण बरे होत आलेले माणूस पुन्हा अंथरुणाला खिळले, की वडीलधारी माणसे आवाज खाली आणून बोलू लागतात. त्यातून ते दुखणे कर्करोगाचे असले, म्हणजे तर विचारूच नका. शस्त्रक्रिया झाली, होता नव्हता तो पैसा गेला, माणूस घरी आले, सहा-आठ महिने बरे गेले, आणि मानेत पुन्हा गाठ हाताला लागली. अशा वेळी ओसरीवर एकच वाक्य ऐकू येते, "परत आलं ना? मग आता काही उरलं नाही."

हे वाक्य खरे आहे काय? मी इतिहासाचा अध्यापक. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि ते मी सांगणारही नाही. परंतु एखादे वाक्य कोणत्या काळी खरे होते, केव्हापासून ते डळमळू लागले आणि कुठे ते अजूनही खरे आहे, याचा तपास करणे हे इतिहासाचेच काम आहे. कारण जुन्या काळचे खरे वाक्य नव्या काळात तसेच बोलत राहिले, तर त्यापायी वाचण्यासारखा माणूसही हातचा जातो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपण ज्याला घसा म्हणतो, तो एकच अवयव नव्हे. कंठमण्याच्या मागे स्वरयंत्र आहे, तिथून आवाज निघतो. आणि तोंड पुरते उघडले की पडजिभेच्या मागे जी खोली दिसते, तिच्यात दोन बाजूंना टॉन्सिलच्या गाठी आणि खाली जिभेचे मूळ आहे. ही दोन वेगळी ठिकाणे. या दोन्ही ठिकाणी कर्करोग होतो. पण ज्या विषाणूविषयी मी आज बोलणार आहे, त्याची वस्ती मुख्यतः दुसऱ्या खोलीत, म्हणजे टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या मुळाशी असते.

गंमत अशी, की माणसाच्या घशात डोकावण्याची युक्ती डॉक्टराने नव्हे, एका गवयाने लोकप्रिय केली. मान्युएल गार्सिया हा स्पेनचा गायनशिक्षक. आवाज निघतो कसा, हे त्याला पाहायचे होते. १८५४ साली त्याने दाताच्या डॉक्टराकडे असतो तसा लांब दांडीचा लहान आरसा आपल्याच घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्याचा कवडसा पाडला, आणि स्वतःचे स्वरयंत्र हलताना पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने हे मांडले. वैद्यांनी ती युक्ती उचलली आणि घशातला रोग प्रथमच जिवंत माणसात नीट दिसू लागला.

दिसू लागला, पण काढायचा कसा? व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ नावाचा थोर शल्यवैद्य होता. त्याच्याकडे ३६ वर्षांचा एक रोगी आला. हा गृहस्थ धर्मशिक्षक होता; म्हणजे आवाज हेच त्याच्या पोटाचे साधन. बिलरोथने आधी स्वरयंत्र उघडून रोग तेवढा काढला आणि यंत्र राखले. काही आठवड्यांतच रोग उलटला. तेव्हा ३१ डिसेंबर १८७३ रोजी बिलरोथने त्याचे सबंध स्वरयंत्रच काढून टाकले. कर्करोगासाठी सगळे स्वरयंत्र काढण्याची ही पहिली शस्त्रक्रिया मानतात. त्याचा सहकारी गुस्सेनबाउअर याने रोग्यासाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले आणि तो शिक्षक पुन्हा बोलू लागला. साऱ्या युरोपात नाव झाले. पण वर्षाच्या आतच रोग परत आला आणि शिक्षक गेला. त्या वेळी बिलरोथच्या हाती दुसरे शस्त्रच नव्हते. "परत आला म्हणजे संपलं" हे वाक्य त्या दिवशी पूर्णपणे खरे होते.

आता दुसऱ्या खोलीची गोष्ट ऐका. अमेरिकेच्या यादवी युद्धातला विजयी सेनापती आणि पुढे त्या देशाचा अध्यक्ष झालेला युलिसिस ग्रँट जगप्रवासात असताना १८७९ च्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईला येऊन गेला होता. सिगार ओढण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. १८८४ च्या उन्हाळ्यात एक फळ खाताना त्याच्या घशात कळ आली. त्याने दुर्लक्ष केले. शरद ऋतूत डॉक्टरांनी पाहिले, तर जिभेच्या मुळाजवळ आणि टॉन्सिलच्या बाजूला कर्करोग होता. शस्त्रक्रियेचा विचार झाला आणि सोडून दिला. त्या जागी चाकू पोचवणे म्हणजे रोगाआधी रोग्यालाच संपवणे होते. ग्रँटने वेदना सोसत आपले आत्मचरित्र पुरे केले आणि २३ जुलै १८८५ रोजी त्याने प्राण सोडला. म्हणजे पाहा, या खोलीतल्या रोगाच्या बाबतीत "उलटला" म्हणण्याचीही सोय नव्हती. उलटायला तो आधी निघावा तर लागतो!

तिसरी गोष्ट जर्मनीच्या युवराजाची. १८८७ च्या जानेवारीत युवराज फ्रेडरिकचा आवाज बसला. जर्मन शल्यवैद्य म्हणाले, स्वरयंत्र उघडून गाठ काढा. इंग्लंडहून बोलावलेल्या मॉरेल मॅकेंझीने आधी तुकडा काढून तपासायला दिला. तपासणारा होता खुद्द रुडॉल्फ फिरखो, पेशींच्या विकृतिशास्त्राचा आद्य पुरुष. त्याला त्या तुकड्यांत कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया थांबली. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण शीत पातेल्याच्या कोणत्या कोपऱ्यातून उचलले, यालाही महत्त्व असते. नोव्हेंबरात कर्करोग उघड झाला. १८८८ च्या मार्चमध्ये फ्रेडरिक सम्राट झाला तेव्हा तो श्वासनळीला पाडलेल्या भोकातून श्वास घेत होता आणि कागदावर लिहून बोलत होता. ९९ दिवस राज्य करून १५ जून १८८८ रोजी तो गेला. डॉक्टर भांडत राहिले, पण भांडणाच्या मुळाशी एकच भीती होती : चाकू लावला आणि तरीही रोग परत आला तर?

रोग परत का येतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. हरळी खणून काढता ना तुम्ही? सबंध वाफा पालथा घालता, गाडीभर काशा बांधावर टाकता. पण बोटभर काशी मातीत राहिली, की पहिल्या पावसाबरोबर हरळी पुन्हा हसत उभी! कर्करोगाचे असेच आहे. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशातली गत. त्याच्या काशा घशातून मानेतल्या गाठींत उतरतात. हे ओळखून अमेरिकेतल्या जॉर्ज क्राइलने १९०६ साली १३२ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला आणि सांगितले, की घशातला रोग काढताना मानेतल्या गाठीही एकत्र, सगळ्या जाळ्यासकट काढल्या पाहिजेत. मग दुसरे शस्त्र आले. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले, १८९८ साली क्युरी दांपत्याने रेडियम शोधले. पॅरिसच्या आंरी कुटारने एकदम मोठा मारा न करता रोज थोडा थोडा, असे कित्येक दिवस किरण दिले. आणि १९२२ साली घशाचे बरे झालेले रोगी त्याने परिषदेपुढे मांडले. आपल्याकडे मुंबईला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तिथेच वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या नात्याचा अभ्यास केला.

इथवर जगाची समजूत अशी, की घशाचा कर्करोग म्हणजे तंबाखू आणि दारू यांचा. ती समजूत चूक नव्हती, पण अपुरी होती. तिची दुसरी बाजू उघडायला एक कोंबडी कारण झाली, असे म्हटले तर चालेल.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस या तरुण शास्त्रज्ञाकडे शेतावरची एक कोंबडी आली. तिच्या छातीत गाठ होती. राऊसने ती गाठ वाटली, इतक्या बारीक गाळणीतून गाळली की एकही पेशी पलीकडे जाऊ नये, आणि तो रस दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली! १९११ साली त्याने हे प्रसिद्ध केले. म्हणजे पेशीहून लहान असे काहीतरी, विषाणू, कर्करोग आणू शकतो. लोकांनी मान डोलावली आणि विषय सोडून दिला. कोंबडीचे काय ते माणसाचे थोडेच, असे म्हणून. राऊसला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, तब्बल ५५ वर्षांनी. मध्यंतरी १९३३ साली रिचर्ड शोपने दाखवले होते, की रानसशांच्या अंगावर येणारी शिंगांसारखी चामखिळे विषाणूने येतात. आणि पुढे राऊसनेच पाहिले, की त्यांतल्या काहींचा कर्करोग होतो.

चामखिळीच्या या विषाणूंचे माणसातले कूळ मोठे आहे. त्याला ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणतात. आपण थोडक्यात एच.पी.व्ही. म्हणू. याचे २०० हून अधिक प्रकार आहेत, आणि बहुतेक निरुपद्रवी. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउसेनने १९८३ साली यातला १६ क्रमांकाचा आणि १९८४ साली १८ क्रमांकाचा प्रकार स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शोधून काढला. २००८ साली त्याला नोबेल मिळाले. १९८३ सालीच फिनलंडच्या सिर्यानेन याने सुचवले होते, की तोंडाच्या कर्करोगातही हा विषाणू असू शकेल. आणि २००० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मॉरा गिलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मान यांच्या कर्करोगाचे २५३ रोगी तपासले, तर चौथ्या हिश्श्यात हा विषाणू निघाला. त्यांतही दहांपैकी नऊ वेळा तोच १६ क्रमांकाचा, आणि त्याची आवडती जागा टॉन्सिल!

आता इथे आपल्या विषयाला वळण लागते. गिलिसन यांना दिसले, की ज्यांच्या गाठीत हा विषाणू आहे, ते रोगी अधिक जगतात. २०१० साली ह्यूस्टनचे डॉ. आंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२३ रोग्यांचा हिशेब मांडला. किरण आणि औषध यांचे उपचार दोन्ही गटांना सारखेच. तीन वर्षांनी विषाणू असलेले शंभरांत ८२ जिवंत होते, नसलेले ५७. त्याच हिशेबात आणखी एक ओळ होती, ती विसरू नका : विषाणूचा रोगीसुद्धा जितकी अधिक तंबाखू ओढलेला, तितका त्याचा धोका अधिक.

असे का व्हावे? प्रत्येक पेशीत बिघाड रोखणारे राखणदार असतात. गावात पूर्वी जागल्या असे तसे. तंबाखूच्या रोगात हा जागल्याच मारला जातो. विषाणूच्या रोगात जागल्या जिवंत असतो. विषाणूने नुसते त्याचे हातपाय बांधलेले असतात. किरणांचा आणि औषधांचा मारा झाला, की अशा पेशी लवकर मरतात, असे शास्त्रज्ञ मानतात. दुसरे कारण शेताचे. १९५३ साली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की तंबाखूने तोंडाघशाचे सबंध शेतच नासलेले असते. एक झुडूप उपटले तरी शेजारी दुसरे उगवायला जमीन तयार असते. विषाणूच्या रोग्याचे उरलेले शेत बहुधा धड असते.

हे झाले पहिल्या आजाराचे. दुखणे उलटल्यावर काय? हा प्रश्न बराच काळ कोणी वेगळा काढून विचारला नव्हता. २०१४ साली कॅरोल फाखरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विचारला. दोन मोठ्या चाचण्यांत उपचार घेऊन नंतर रोग बळावलेले वा उलटलेले १८१ रोगी त्यांनी वेगळे काढले. रोग उलटायला लागलेला काळ दोन्ही गटांत सारखाच निघाला, सात-आठ महिन्यांच्या आसपास. पण उलटल्यानंतर दोन वर्षांनी विषाणूच्या गटातले शंभरांत ५४-५५ जिवंत होते, दुसऱ्या गटातले २७-२८. निम्मे रोगी जाण्याचा काळ एका गटात अडीच वर्षांहून थोडा अधिक, दुसऱ्यात वर्षाहूनही कमी. आणि ज्यांच्यावर उलटलेला रोग काढण्याची शस्त्रक्रिया होऊ शकली, ते दोन्ही गटांत अधिक जगले.

आकडे बोलतात, पण ते काय बोलत नाहीत हेही ऐकावे. या लोकांचे पहिले उपचार किरणांचे होते, शस्त्रक्रियेचे नव्हते. शिवाय शंभरांतल्या ५५ चे दुसरे टोक ४५ आहे, हे विसरून चालणार नाही. विषाणूचा रोग म्हणजे सौम्य रोग नव्हे. उलटल्यावर तो माणूस मारू शकतो आणि मारतो.

मग ज्यांची सुरुवातच शस्त्रक्रियेने झाली, त्यांचे काय? ग्रँटच्या वेळी जिथे चाकू पोचत नव्हता आणि पुढे जबडा चिरून जावे लागे, तिथे आता तोंडातून यंत्राचे बारीक हात घालून शल्यवैद्य काम करतो. फिलाडेल्फियाच्या वाइनस्टाइन आणि ओमॅली यांनी ही रीत बसवली आणि २००९ साली अमेरिकन सरकारने तिला मान्यता दिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत विषाणूच्या रोग्यांवर आधी अशी शस्त्रक्रिया केली. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मग कोणाला काहीच नाही, कोणाला कमी किरण, कोणाला नेहमीचे किरण, कोणाला किरण आणि औषध दोन्ही, अशी वाटणी केली. चारही गटांत दोन वर्षांनी रोग न उलटता असलेल्यांचे प्रमाण शंभरांत ९० हून अधिक होते.

तेव्हा शस्त्रक्रियेनंतर रोग उलटणारे थोडे. पण ज्याचा उलटला, त्याच्या लेखी ते शंभर टक्केच. अशा वेळी डॉक्टर तीन प्रश्न विचारतात. ते तुम्हीही समजून घ्या, म्हणजे रुग्णालयात बोलणे कळेल.

पहिला प्रश्न : आधी किरण दिले होते का? नुसत्या शस्त्रक्रियेवर भागले असेल, तर किरणांचे शस्त्र अजून भात्यात शिल्लक आहे. घशात किंवा मानेतच रोग उलटला असेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया, किरण आणि औषध यांच्या मेळाने पुरते बरे करण्याचा प्रयत्न होऊ शकतो. किरण आधीच देऊन झाले असतील तर वाट अरुंद होते. त्याच जागी पुन्हा किरण देता येतात, पण जपून आणि निवडक रोग्यांना.

दुसरा प्रश्न : रोग कुठे उलटला? घशात, मानेत, की दूर? दूर म्हणजे बहुधा फुफ्फुसात. विषाणूचा रोग कधी कधी पुष्कळ उशिरा, चार-पाच वर्षांनीही दूर डोके वर काढतो. फुफ्फुसात एक-दोनच ठिपके असतील, तर तेवढे काढून किंवा नेमक्या किरणांनी जाळून काही रोगी वर्षानुवर्षे जगतात. अनेक ठिकाणी पसरला असेल, तर बहुतेकांच्या बाबतीत हेतू बदलतो : रोग आटोक्यात ठेवणे, वेदना कमी करणे, आयुष्य वाढवणे.

तिसरा प्रश्न : काढता येईल का, आणि काढल्यावर माणसाला गिळता, बोलता येईल का? या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर आणि रोगी यांनी मिळून द्यायचे असते.

अलीकडे चौथे शस्त्रही आले आहे. शरीराचे स्वतःचे रक्षक सैन्य ज्या लगामांमुळे कर्करोगापुढे थबकते, ते लगाम सैल करणारी औषधे निघाली. त्या संशोधनाबद्दल अमेरिकेचे ॲलिसन आणि जपानचे होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोके-मानेचा रोग उलटलेल्यांपैकी निव्होलुमॅब या औषधावर एका वर्षाने शंभरांत ३६ जिवंत होते, जुन्या औषधांवर १७ च्या आसपास. औषध मात्र अतोनात महाग. इथे आपल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मोलाची भर घातली. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी निव्होलुमॅब तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन त्यांनी पाहिले. हे रोगी पुरते बरे होण्याच्या पलीकडे गेलेले होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षाने शंभरांत १६ जिवंत, हे औषध जोडल्यावर ४३! २०२२ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. गरिबाच्या खिशाचा विचार करून केलेले हे संशोधन आहे, म्हणून मला त्याचे अप्रूप वाटते.

एक धोक्याची गोष्टही इतिहासात नोंदली गेली आहे. विषाणूचा रोगी चांगला जगतो असे कळल्यावर वाटले, की त्याचे उपचार हलके करावेत. हेतू चांगला होता. नेहमीच्या कडक औषधाऐवजी सौम्य समजले जाणारे दुसरे औषध किरणांबरोबर देऊन युरोपात ३३४ रोग्यांवर चाचणी झाली. २०१८ साली निकाल लागला : दोन वर्षांनी जुन्या औषधावर शंभरांत ९७ हून अधिक जिवंत, नव्यावर ८९. रोग उलटण्याचे प्रमाणही नव्या औषधावर अधिक. शिवाय त्रासही काही कमी झाला नाही. तेव्हा "आपला रोग चांगल्या जातीचा आहे, चार किरण कमी घेतले तर काय बिघडतं?" असे मनाने ठरवू नका. हलके करायचे ते परीक्षा करून, डॉक्टरांनी.

आणि आपल्या देशाचे काय? अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेचे मूळ यांच्या कर्करोगांपैकी शंभरांत सुमारे ७० विषाणूचे असतात. आपल्याकडे हे प्रमाण पुष्कळ कमी आहे. इथला धनी अजून तंबाखूच : विडी, गुटखा, मशेरी, खैनी. म्हणून परदेशचे आकडे ऐकून आपल्या माणसाला तेच लागू करू नका. गाठ विषाणूची की तंबाखूची, हे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतून कळते. "डॉक्टरसाहेब, ती तपासणी झाली का?" एवढे विचारण्यात संकोच कसला?

संकोचाचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट बोलू. हा विषाणू स्त्रीपुरुषांच्या निकट संबंधातून पसरतो. तो इतका सर्वत्र आहे, की बहुसंख्य प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतो आणि बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. फार थोड्यांत तो दडून राहतो आणि कित्येक वर्षांनी, कधी दशकांनी, त्याचा रोग होतो. म्हणून आज गाठ आली यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे हा अन्यायही आहे आणि अज्ञानही. नवराबायकोत या कारणाने फूट पडता कामा नये. उलटलेल्या दुखण्याला घराचा आधार लागतो, घराचा न्यायनिवाडा नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात तुमच्या शब्दाला किंमत आहे, म्हणून हे तुम्हाला सांगतो. प्रौढ माणसाच्या मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूला दुखणारा घसा, गिळताना अडथळा, एका कानात कळ, यांतले काहीही तीन आठवड्यांवर टिकले तर लेप, गंडा, दोरा यांत दिवस घालवू नयेत. हे पहिल्या आजाराला लागू आहे आणि उलटलेल्यालाही. उपचार संपलेल्या रोग्याला तपासणीची तारीख दिलेली असते. पहिली दोन वर्षे या तारखा जवळजवळ असतात, कारण उलटणारे बहुतेक रोग याच काळात उलटतात. सुगी आली, लग्न निघाले, गाडीभाडे नाही, म्हणून तारीख चुकते. आणि बोटभर काशीची हरळी होते. राज्य शासनाच्या जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च बसतो. त्याची चौकशी करून कागद भरायला मदत करणे हेही शिक्षणाचेच काम आहे. उद्या कदाचित रक्ताच्या एका थेंबावरूनही सूचना मिळेल. २०२० साली नॉर्थ कॅरोलायनात ११५ रोग्यांच्या रक्तात विषाणूच्या खुणा वेळोवेळी शोधल्या. उपचारांनंतर ८७ जणांच्या रक्तात एकदाही खूण आढळली नाही. त्यांच्यापैकी कोणाचाही रोग त्या अभ्यासाच्या काळात उलटला नाही.

आणि मुलांसाठी लस आहे. २००६ साली अमेरिकेत पहिली लस मान्य झाली. २०२२ साली आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला भारतात परवानगी मिळाली. ती मुलींना देता येते तशी मुलांनाही. लस झालेला रोग बरा करत नाही, शिरायच्या आधी विषाणूला अडवते. म्हणून ९ ते १४ हे वय तिला उत्तम, म्हणजे नेमके शाळेचे वय.

सारांश, १८७४ साली त्या व्हिएन्नाच्या शिक्षकाच्या घरी कोणी म्हणाले असेल, "परत आलं, आता काही उरलं नाही," तर ते खरे बोलले. आज ते वाक्य काहींच्या बाबतीत खरे, काहींच्या बाबतीत खोटे, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत तपासणी होईपर्यंत कोणालाच न कळणारे आहे. जे खरे आहे तिथे वेदना कमी करण्याचे उपचार आहेत, आणि शेवटचे दिवस सुसह्य करणे हेही वैद्यकाचे मोठे काम आहे. पण कोणते खरे, हे ओसरीवर ठरत नाही. तुमच्या ओळखीच्या कोणाचे दुखणे उलटले, तर एवढेच म्हणा, "कुठे उलटलं, आधी काय दिलं होतं आणि आता काय देता येईल, हे विचारायला मी तुमच्याबरोबर येतो." आणि खरोखरच त्यांच्याबरोबर जा.